मयुरीची रायफल

"बंदूक चकाकीवर भाळून घ्यायची नसते रे, खांद्याले लावून घ्यायची असते." चिखलीच्या कॉलेजात एनसीसीच्या उस्तादांनी सांगितलेलं हे वाक्य प्रेमानंदच्या कानात तीस वर्षं मुक्कामाला होतं. आज त्याने ते लेकीला, मयुरीला ऐकवलं. राज्य स्पर्धा तोंडावर आली होती आणि पाण्यावरच्या खंड्यासारखा अचूक असलेला पोरीचा नेम अलीकडे भरकटत चालला होता. क्लबची जुनी रायफलच झिजली असणार, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

बुलढाण्याच्या रेंजवर विक्रेत्याने पॉइंट टू-टूच्या तीन रायफली टेबलावर मांडल्या. पहिली उचलताच प्रेमानंद हरखला. "हे पाह्य, नळी कशी आरशावानी! अन् घोडा तं फुलावानी हलका!" मयुरीने ती हातातसुद्धा घेतली नाही. दुसरीलाही नुसती मान हलवली. तिसरीच्या बोल्टची मूठ डावीकडे होती, ती डावखुऱ्यांसाठीची. ती मात्र तिने उचलली आणि हळूच डाव्या खांद्याला लावली.

"काऊन वं, मस्करी करून राह्यली का? जन्माची उजव्या हाताची तू!" प्रेमानंद हसला. विक्रेताही हसला.

मयुरी हसली नाही. रायफलही तिने खांद्यावरून काढली नाही.


"तुम्ही खेळ बंद कराल म्हणून बोलली नाही, बाबा. मले उजव्या डोळ्यानं दिसतच नाही आता."