तांड्यावरची खाडी

हरीओम सरांनी जमनाबाईची दुसरी घागरही खाडीत ओतली.

खाडी शाळेच्या अंगणात होती. चिखलाचे डोंगर, मधे एक चर आणि चरात अंथरलेलं जुनं प्लास्टिक. पहिली घागर त्या प्लास्टिकच्या भोकांतून काळ्या जमिनीनं केव्हाच पिऊन टाकली होती. किन्हीराजाजवळच्या या तांड्यापासून समुद्र शेकडो मैल लांब. पण वरून प्रकल्पाचा विषय आला होता, किनाऱ्यावरची खाडी, तिचा भूगोल आणि इतिहास. वरून आलेल्या विषयाला नाही म्हणायची कोणाची टाप? त्यात पोरं कमी म्हणून ही शाळा बंद करायचं घाटत होतं. आज तपासणीला येणारे साहेब खूश झाले, तर ती वाचणार होती.

"गुर्जी, खिचडी कायच्यात शिजवू?" जमनाबाईनं विचारलं. शाळेचा स्वयंपाक तिच्याकडे होता. जगदेव पाटलाच्या विहिरीवरून तिनं या घागरी डोक्यावर आणल्या होत्या. पाटील दिवसाला दोनच भरू द्यायचा.

"टँकर येऊन राह्यला ना. आधी शाळा वाचू द्या, पोटाचं मंग पाहू."

असं म्हणून सरांनी स्वयंपाकाच्या मिठाची पुडीही खाडीत रिकामी केली. खाडी म्हटली की खारी हवी.

साहेब आले ते भर दुपारी. जमनाबाईची नात रूपाली पाठ केलेलं घडाघडा म्हणू लागली. "खाडी म्हणजे समुद्राचा जमिनीत शिरलेला चिंचोळा भाग. भरतीला पाणी आत येते, ओहोटीला बाहेर जाते. पूर्वी खाडीत गलबते लागत. मिठागरातले मीठ लमाणांचे तांडे बैलांवर लादून दूर दूर नेत."

"म्हणजे तुमचेच पूर्वज!" साहेबांना कोण आनंद झाला. त्यांनी खाडीत बोट बुडवून जिभेला लावलं. "वा! खरंच खारं आहे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेबांना फोटोची हुक्की आली. "बाई, ती घागर घ्या डोक्यावर. छान दिसेल."

जमनाबाई रिकामी घागर डोक्यावर घेऊन खाडीकाठी उभी राहिली. साहेबांनी फोटो काढला, आपल्या बाटलीतलं पाणी प्यायलं, बूच लावलं आणि गाडीत बसले.

"शाळेचं काय ते कळवू," काच वर करता करता ते म्हणाले.

टँकर आला नाही. पोरं ताटल्या घेऊन कधीची बसली होती. जमनाबाई खाडीपाशी उकिडवी बसली. पोरांनी गलबतं म्हणून सोडलेल्या कागदाच्या होड्या तिनं बाजूला केल्या आणि पदरातून गाळत वाटीवाटीनं पाणी पातेल्यात भरू लागली.

"अवं जमनाबाई, काय करून राह्यल्या? खारं हाये ते!"

"मालूम हाये गुर्जी. मीठ तुमीच टाकलं. आता मी नाही टाकत."

 

खिचडी खारटढाण झाली. तरी भुकेल्या पोरांनी पातेलं खरवडून खाल्ली. मग रूपालीनं रिकामा पेला पुढे केला.

"आजी, पानी."

जमनाबाईनं खाडीकडे पाहिलं. चरात नुसता चिखल उरला होता.

"थांब माय," ती म्हणाली. "भरती येऊ दे."