मशीनची तक्रार

मनाच्या आजाराची आगाऊ चाहूल घेणारं नवं मशीन दवाखान्यात आलं. ते तपासायला एक निरोगी डोकं हवं होतं, म्हणून टेक्निशियन बाईंनी तारांची टोपी आपल्याच लेकीला घातली. परीक्षेच्या टेन्शननं पोरगी हल्ली गप्पगप्प असायची, एवढंच. कानात सारखं टुक-टुक वाजताना मधेच टिंग झालं, की निरोगी मेंदू दचकतो आणि पडद्यावर लाट उसळते. लेकीची रेघ काही केल्या हलेना. बाईंनी फोनवर कंपनीला चांगलंच फैलावर घेतलं.

मेकॅनिक धावत आला. टोपी त्यानं स्वतःच्याच डोक्यावर चढवली. प्रत्येक टिंगला लाट उसळली.

"मशीन एकदम ठणठणीत आहे, ताई!"


"एकदा खोलून बघा ना, दादा," बाईंनी स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात कोंबला, "काहीतरी बिघडलेलं असणारच."