दोन थरांची बॅग

"काकू, अजून बांधलेलीच आहे?"

लंबूने दारातूनच विचारलं. चार वर्षं तो याच तारखेला यायचा आणि हेच विचारायचा. कपाटावर जुन्या सुटकेसशेजारी स्लीपिंग बॅगची खोळ होती तशीच पडून होती. तोंडाला नाडी, नाडीला गाठ.

"अशी आवळून ठेवत नाहीत," तो म्हणाला. "खोळीत कोंबायची ती फक्त प्रवासापुरती. घरी आलं की वारा द्यायचा आणि मोकळी टांगायची. नाहीतर आतलं दबून जातं. मग ती ऊब धरत नाही."

"ज्याला ऊब हवी होती तो गेला," ती म्हणाली आणि मशीनचं पॅडल दाबलं. कुणाच्या तरी पँटची शिलाई वाकडी गेली.

एरवी तिची शिलाई वाकडी जात नसे. अख्खी गल्ली तिच्याकडे कपडे टाकायची. मुलाच्या डोक्यात डोंगर चढायचं खूळ शिरलं, तेव्हा दुकानातल्या बॅगेची किंमत ऐकून तिचे डोळे पांढरे झाले आणि तिने ती घरीच शिवायला घेतली. छत्रीचं निळं कापड, आत फुगीर कापूस. मुलगा बुटका, म्हणून माप त्याच्यापुरतंच. तीन थर घालायचे होते, पण तीन थर काही केल्या मशीनखालून सरकेनात. दोन सुया मोडल्यावर तिने तिसरा थर काढून टाकला.

"चालतंय गं," मुलगा म्हणाला होता. "मी काय बर्फात लोळायला चाललोय?"

बर्फातच अडकले दोघं. मुलाचा पाय मोडलेला, आणि मदत पोचली दुसऱ्या सकाळी. तोवर लंबू एकटाच जिवंत उरला होता. त्याच्या हातांची मिळून चार बोटं गेली. जिवावरचं बोटांवर निभावलं, असं लोक म्हणाले. पट्ट्या बांधलेल्या हातांनी तो भेटायला आला, तेव्हा तिने त्याला सरळ विचारलं होतं.

"तुझी बॅग कसली होती?"

"पिसांची."

"दुकानातली. आणि त्याची मी शिवलेली."

लंबूने मान खाली घातली. तिला हवं ते उत्तर मिळालं. त्या दिवसापासून तिने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. खरं सांगायचं तर राग त्याच्यावर नव्हताच. राग होता त्या काढून टाकलेल्या थरावर. पण कापसावर रागावून रागावणार किती? लंबू आपला दर वर्षी आयता दारात येत होता.

आज मात्र तिचा पेशन्स संपला. तिने मशीन थांबवलं.

"काढ खाली. हात पोचतो ना तुझा? उघड माझ्यासमोर. बघू दे, काय एवढं जपायचं राहिलंय त्यात."

लंबूने खोळ काढली, पण उरलेल्या बोटांनी गाठ सुटेना. तिने ती त्याच्याकडून ओढून घेतली. खोळ तिच्याच हातची. गिर्यारोहकांच्या क्लबने मुलाचं सामान पाठवलं, त्यात ही होती. हाताला तेव्हाही हलकी लागली होती. कापूस बसला असेल, असं म्हणून तिने ती न उघडता वर टाकली होती. आपण काय शिवलं ते पुन्हा बघायची छाती नव्हती.

मोठी सुई घालून तिने गाठ सैल केली आणि आतलं ओढून काढलं.

कापड निळं नव्हतं. करडं होतं, गुळगुळीत. जमिनीवर पडल्यावर ते हळूहळू फुगायला लागलं, कुठे फुगलं, कुठे गोळे होऊन तसंच राहिलं. एक बारीक पांढरं पीस उडून मशीनवर बसलं. बॅग मशीनपासून थेट दारापर्यंत पसरली. सवयीने तिचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला, पण मोजायची गरज नव्हती. ही उंच माणसाची बॅग होती.

"ही तुझी," ती म्हणाली.

"तो जास्त कुडकुडत होता, काकू."

"चार वर्षं तोंड का उघडलं नाहीस?"

"काय सांगू? माझी दिली म्हणून मिरवू? तरी तो वाचला नाहीच ना." तो म्हणाला. "वाटायचं, तुम्ही कधीतरी उघडाल."

ती खाली बसली. म्हणजे दोन थरांनी पोराला मारलं नव्हतं. चांगल्यातल्या चांगल्या बॅगेत होता आणि तरी गेला. चार वर्षं रागाने अडवून धरलेलं रडू आता कशानेच अडेना. रडता रडता ती पिसांचे गोळे बोटांनी मोकळे करत राहिली. लंबूही समोर बसून त्याच्या थोट्या बोटांनी तेच करू लागला.

त्या बोटांकडे तिचं लक्ष गेलं आणि तिचा हात थांबला.

"मग तू कशात होतास?"

"तुमच्या बॅगेत. घरी मोकळी टांगून ठेवलीय."

"अरे, ती तुला पुरणार कशी?"

"छातीपर्यंतच आली. हात बाहेर राहिले," लंबू म्हणाला. "जेवढा आत मावलो, तेवढा वाचलो, काकू."