सुजीषचा काळा चौकोन

पुन्हा तेच झालं. उत्तर द्यायला सुजीषनं माइक उघडला आणि वनजा टीचरचं वाक्य त्यांच्याच आवाजात, जरा मागून, लॅपटॉपमधून परत आलं. चौकोनाचौकोनांतून पोरं खिदळली. टीचरनी घाईघाईनं सगळ्यांचे माइक बंद केले, पण व्हायची ती शोभा झाली होती. आज नेमक्या मुख्याध्यापिका अन्नम्मा मॅडम घरून तास बघत होत्या.

साथ आल्यापासून मुलांना शाळेच्या आवारात पाऊल टाकायला बंदी होती. टीचर मात्र रोज येऊन रिकाम्या वर्गातून शिकवायच्या, कारण नेट धड चालायचं ते शाळेतच. सुरुवातीला त्या प्रत्येक बटण चाचपडत शोधायच्या. एकदा तर स्वतःचाच माइक बंद ठेवून त्यांनी अख्खा तास घसा कोरडा केला होता. आता कुठे जमायला लागलं होतं. आणि मॅडमनी बजावलं होतं, आणखी एकदा गोंधळ झाला तर दहावी बिंदू टीचरकडे जाईल. दहावी गेली तर आपल्यात उरलं काय, या विचारानं त्यांना रात्र रात्र झोप नव्हती.

सुजीषचा अच्छन, म्हणजे बाप, प्रभाकरन देवळांच्या उत्सवात मिमिक्री करायचा. बायकांचे आवाज तर असे काढायचा की लोक हसून लोळायचे. यंदा उत्सवच झाले नाहीत. तेव्हा पोरगं घरबसल्या बापाची गादी चालवतंय, याबद्दल टीचरना तिळमात्र शंका नव्हती. कॅमेरा तर तो कधीच लावायचा नाही.

"वनजा टीचर, काढा त्या मुलाला," अन्नम्मा मॅडम म्हणाल्या.

टीचरचं डोकं सणकलं. "सुजीष, तुझ्या अच्छनचा खेळ माझ्या तासाला नको. कॅमेरा लाव, नाहीतर हा काढलाच."

माइक पुन्हा उघडला. "हा काढलाच," त्यांचाच आवाज परत आला. मग सुजीष दबक्या आवाजात म्हणाला, "मी काही करत नाहीये, टीचर. कॅमेरा नको. तुम्हालाच बोलणी बसतील."

"लाव म्हणते ना."

काळा चौकोन उजळला. सुजीषचा घामेजलेला चेहरा दिसला. त्याच्या पाठीमागे निळ्या गजांची उघडी खिडकी होती, आणि खिडकीच्या आत पिवळ्या साडीतली एक बाई लॅपटॉपवर बोट उगारून बसली होती.

टीचरनी उगारलेलं बोट खाली घेतलं आणि मान वळवली. वर्गाच्या निळ्या गजांच्या खिडकीबाहेर, व्हरांड्याच्या कठड्यावर, अंग चोरून बसलेली एक पाठ होती.

"घरचं नेट बंद झालंय, टीचर," मागे न वळता सुजीष म्हणाला. "शाळेचं इथवर पोचतं."

"याला आवारात घेतलं कुणी?" अन्नम्मा मॅडम कडाडल्या. "वनजा टीचर, मी काय विचारतेय?"

वनजा टीचरनी न चाचपडता मॅडमचा माइक बंद केला आणि त्या दार उघडायला उठल्या.