भेटीचं रडणं

भेटीचं रडणं संपलं, पण मंगलीचं काही थांबेना.

सुकरामची आत्या पार्वताबाई कचारगडची जत्रा करून परतताना भावाच्या घरी उतरली होती. वर्षानं पाहुणी दारात आली की बायांनी गळ्यात पडावं, सूर लावून रडावं, रडता रडता मेलेल्यांची नावं घ्यावी, जित्यांची खुशाली पुसावी आणि मग पदरानं डोळे टिपून मोकळं व्हावं, ही तिथली रीत. सुकरामची माय रुख्मा तशी रडली. आत्याही तशी रडली, आणि गालावरचं पाणी वाळायच्या आधी विचारती झाली, "वयनी, लाल कोंबडी दिसत नाई वं तुयी?"

सुकरामची बायको मंगली मात्र खांबाला धरून रडतच राहिली. सहावा महिना. हुंदक्यासरशी सगळं पोट हलायचं. सारे आपल्याकडंच पाहताहेत हे कळलं तशी ती उठली आणि गोठ्यामागं गेली.

आडोसा म्हणजे बांबूचा कूड. त्यातून वाराही यायचा आणि बोलणंही.

"हे भेटीचं रडणं नोहे, वयनी," आत्या म्हणत होती. "पोरीच्या अंगावर कायी आलं."

"पोटुशी हाय थे." रुख्माचं सूप पाखडतच होतं.

"आमी नोहतो का पोटुशा? धानाचा रोवणा केला, मोहफुलं वेचली. बसलो का कोनी असं भोकाड पसरून?"

"आत्या, सकाळी हासून राहिली होती," हा सुकराम. "काऊन हासतेस म्हनलं, तं पान्याचा तुंबाच फेकला."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, भीती होती. तक्रार असती तर मंगली भांडली असती.

"घ्या! आता कायची वाट पाहता? जाय, चैतराम पुजाऱ्याले घेऊन ये. सुपात तांदूळ टाकला का थो सांगते कोन हाय तं. काढ सायकल."

सुपाचा आवाज थांबला.

मंगलीनं कुडाचा बांबू घट्ट धरला. सकाळी वासराच्या नाकाला पीठ लागलं होतं, म्हणून तर ती हसली होती. हसता हसता ते हसूच तिला परकं वाटलं. हात कधी उठला कळलं नाही. तुंबा फुटून पाणी पायाखालून वाहत गेलं आणि ती शेजारणीचं भांडण पाहावं तशी पाहत उभी राहिली. उपकेंद्रातल्या नर्सबाईनं रक्त तपासलं, पोट मोजलं, सगळं बरं आहे म्हणाली. या दिवसांत मन वरखाली होतंच, असंही म्हणाली. पण किती वर आणि किती खाली, ते मोजायची पट्टी तिच्याजवळ नव्हती.

आणि दाण्यांनी सांगितलं, आहे कोणीतरी, तर? मग या घरात तिचं हसू तिचं राहणार नव्हतं. रडू तिचं राहणार नव्हतं. आणि पोटातलं?

अंगणात सायकलचा स्टँड खटकन वाजला.

ती कुडाला वळसा घालून तशीच धावत आली. एकच वाक्य बोलायचं होतं, येता येता तिनं ते ओठांवर जुळवलंही होतं, मी बरी हाव, कोनाले आनू नका. सुकरामसमोर येऊन तिनं तोंड उघडलं आणि नुसता हुंदका बाहेर पडला.

"पाहाय, पाहाय!" आत्यानं बोट दाखवलं.

रुख्मानं सूप खाली ठेवलं. कोंडा लागलेले हात तसेच घेऊन ती अंगणाच्या मधोमध आली. मंगलीनं डोळे मिटून घेतले. आता थप्पड बसणार.

रुख्मा सुनेच्या गळ्यात पडली आणि तिनं सूर उचलला,

"कोन्या रानात गेलती वं माय,
तुले वाट ना सापडे, दिवा ना सापडे,
दोन जिवाची एकलीच गेलती वं माय,
आली वं, आली वं घरा..."

सकाळपासून बिनशब्दांचं भटकणारं रडू त्या सुरात शिरलं. "माय वं," मंगलीनं हाक दिली. दुसरा सूर लागला.

आत्याचं बोट हवेतच राहिलं. "अवो वयनी, एका चुलीवर जेवता तुमी! भेट कायची हे?"

रुख्मानं सूर मधेच तोडला. "सकाळी भलती दूर गेलती थे," ती साध्या आवाजात म्हणाली. "आत्ता आली." आणि तोडला तिथूनच पुन्हा धरला.

अंगणात भेट सुरू झाली की बाईमाणसाला बाजूला राहता येत नाही. आत्या थोडा वेळ चुळबुळली. मग तिनं काखेतलं गाठोडं खाली ठेवलं आणि दोघींच्या डोक्याला डोकं लावून तीही रडू लागली.

रडून झालं. तिघींनी पदरानं डोळे टिपले. सुकराम सायकल धरून तसाच उभा होता.

"पाहून काय राहिला रे?" रुख्मा म्हणाली. "पावना घरी आला तं पाय धुवाले पानी नाई देत?"

त्यानं सायकल भिंतीला टेकवली. लोटाभर पाणी आणून मंगलीपुढं धरलं. तिनं पाय धुतले. पाणी गार होतं. हुंदके अजून येत होते, पण आता दुरून, गाव ओलांडून गेलेल्या गाडीसारखे.

"माय," ती हळूच म्हणाली, "उद्या बी गेली तं?"

रुख्मानं सूप उचललं, वरचा कोंडा फुंकला.

"सुकराम," ती म्हणाली, "लोटा भरून दाराशीच ठेव."