छातीचे माप

चौकशी अधिकाऱ्याने कोट उलटा करून टेबलावर पसरला आणि आतल्या अस्तरावर पेन्सिलीचे टोक टेकवले.

"ही शिवण तुमच्याच हातची ना, काकू?"

"माझ्याच हातची," बाई म्हणाल्या. आपली शिवण नाकारणे त्यांच्या स्वभावात नव्हते. थंडी सुरू झाली त्या आठवड्यात जुन्या ब्लँकेटमधून त्यांनी ते अस्तर बेतले होते आणि दुहेरी दोऱ्याने शिवले होते.

"म्हणजे कारखान्याने दिला तसा कोट राहिला नव्हता." अधिकाऱ्याने समोरचा कागद वाचायला घेतला. "'मृत कामगाराने कोटाला परस्पर जादा अस्तर लावले. त्यामुळे तो खोबणीत चिरडला गेला. मालगाडीच्या वाघिणीच्या आराखड्यात दोष नाही.' इथे तुमची सही, साक्षीदार म्हणून. आणि इथे साहेबांची, आराखडा त्यांचा म्हणून."

साहेब म्हणजे बाईंचा मुलगा. नकाशाची गुंडाळी काखेत धरून तो दारापाशी उभा होता.

दाराबाहेर रुळांवर मालगाडीच्या दोन नव्या वाघिणी एकमेकींना जोडून उभ्या होत्या. कंटेनर एकावर एक असे दोन बसावेत म्हणून त्यांचा तळ जवळजवळ रुळांपर्यंत उतरवला होता. टोकांची लांबीही वीतवीत कमी केली होती, त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या गाडीत एक वाघीण जास्त बसत होती. डबे जोडणाऱ्या माणसासाठी टोकाला एक उभी खोबण तेवढी राखली होती. मागून इंजिनाने रेटले की वाघिणी एकमेकींवर दबत; त्या क्षणी माणसाने त्या खोबणीत उभे राहायचे. नऊ दिवसांपूर्वी बाईंचे यजमान तिथेच उभे होते.

अस्तर नसते तर ते वाचले असते, असे नऊ दिवस जो तो बाईंना सांगत होता. नऊ दिवस त्यांनी सुईला हात लावला नव्हता. मुलाने त्यांना 'तसं नाही गं' म्हटले नव्हते. 'तसंच आहे' असेही म्हटले नव्हते.

"सोमवारी शंभर वाघिणींचं काम सुरू व्हायचंय, काकू," अधिकारी आवाज मऊ करून म्हणाला. "तुमच्या सहीवाचून अडलंय सगळं."

बाईंनी पेन घेतले नाही. त्या मुलाकडे वळल्या.

"खोबणीचं माप कधी घेतलंस?"

"आई, ते बाबांना उभं करूनच..."

"ते ठाऊक आहे मला. जेवताना दहादा सांगितलं त्यांनी, पोराने आपल्या न्हाणीघरापेक्षा ऐसपैस जागा केलीय म्हणून. कधी, ते विचारते."

"उन्हाळ्यात."

"अंगात काय होतं त्यांच्या?"

मुलगा पायाखालच्या फरशीकडे पाहत राहिला.

"मिठाची गुळणी धरू नकोस. काय होतं अंगात?"

"बनियन."

अधिकारी खाकरला. "नियमाप्रमाणे माप छातीचं असतं, काकू. कपड्याचं नसतं."

"आणि हा कोट?"

"तो सुरक्षा विभाग देतो. ते खातं वेगळं."

बाईंनी मान डोलावली. पेन्सिलीला टोक करायचे ब्लेड टेबलावर पडले होते, ते उचलून त्यांनी कोट पुढ्यात ओढला आणि कडेची शिवण उसवायला सुरुवात केली.

"अहो काकू, पुरावा आहे तो!"

"मग नीट बघा त्याच्याकडे."

स्वतः घातलेला टाका उसवताना घाई करता येत नाही. डाव्या बाजूला कापड वाळून कडक झाले होते, तिथे ब्लेड दोनदा अडले. बाईंनी हात थांबवला नाही. शेवटचा दोरा ओढून त्यांनी अस्तर सोडवले, त्याची घडी केली आणि ती आपल्या पोटाशी धरली.

"हे माझं. उरला तो तुमच्या कारखान्याचा कोट, दिला होतात तसा." त्यांनी कोट मुलापुढे धरला. "घाल."

"आई, नको ना."

"अंगापिंडाने बापावर गेलायस. घाल, आणि तिथे उभा राहा."

त्या आवाजापुढे घरात आजवर कोणाचे काही चालले नव्हते. मुलाने नकाशा भिंतीला टेकवला, कोट चढवला, एकेक करून सगळ्या गुंड्या लावल्या आणि तो बाहेर गेला. अधिकारी कागद घेऊन मागोमाग निघाला.

चौकशीसाठी वाघिणी अपघाताच्या वेळी होत्या तशाच दाबून जखडलेल्या होत्या. मुलगा बाजूने आत शिरला. खांदा गेला. छातीपाशी तो अडला. त्याने एकदा आईकडे पाहिले, मग छातीतली सगळी हवा बाहेर सोडली. कोट लोखंडावर घासत गेला आणि तो खोबणीत बसला.

"बघा!" अधिकाऱ्याला हायसे वाटले. "बसले की साहेब! अस्तर नसलं की माणूस बरोबर बसतो."

"बसला खरा," बाई म्हणाल्या.

अस्तराची घडी तशीच पोटाशी धरून त्या रुळांवरच्या खडीतून पुढे गेल्या. दोन पोलादी टोकांच्या मधल्या फटीत मुलाचा चेहरा लाल होत चालला होता. त्या त्याच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आता श्वास घे, बाळा."