रिकामी ताटली

"दोन जिवांची आहेस, पोटभर खा," असं म्हणत सासूबाई रोज कामावर जायच्या आधी दोन उकडलेली अंडी सोलून सुनेच्या हातात द्यायच्या. वासानेच तिला ढवळून यायचं, पण त्यांचं मन मोडवेना. ताटली घेऊन ती मागच्या पायरीवर जाऊन बसायची आणि रिकामी करून आणायची.

बाळ अगदीच कमी वजनाचं झालं. मूठभर जीव, त्याने आठवडाही काढला नाही. "मीच कुठेतरी कमी पडले गं," म्हणत सासूबाई रडत राहिल्या.

आज मागचं दार उघडून त्यांनी सुनेला हाक मारली. पायरीखाली गल्लीतली कुत्री पिल्लांना पाजत होती.


"हिला बिचारीला कोण घालतंय खायला? तरी पिल्लं बघ कशी गुटगुटीत!"